गुरुजनांचे गुरू : पेस्टालॉझी

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे प्रसिद्ध व्हावीत, हे सर्वस्वी उचित आहे. परंतु विद्येच्या प्रांतात स्वकीय आणि परकीय असा भेद करणे बरे नव्हे. ज्या घरातील कोणी ना कोणी शिक्षक अथवा शिक्षिका म्हणून काम केलेले नाही, असे घर आपल्या सभासदांत क्वचितच आढळेल. अशा कुटुंबांच्या हाती पडणाऱ्या या अंकात, ज्यांनी शिक्षकाच्या व्यवसायाला नवे तेज आणले त्या योहान हाइनरिश पेस्टालॉझी यांचे चरित्र सादर करताना आम्हांस विशेष समाधान वाटते.

पेस्टालॉझी हे बालकांचे कैवारी म्हणून जगाला ठाऊक आहेत. पाठांतराच्या घोकंपट्टीऐवजी प्रत्यक्ष वस्तू पाहून, हाताळून, मोजून मुलाने शिकावे, हा त्यांचा सिद्धांत अध्यापक विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासलेला असतो. परंतु त्यांच्या कार्याची दुसरी एक बाजू आहे आणि तिच्याकडे आपल्या लोकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. शिक्षकांनी पाठांची तयारी एकत्र बसून करावी, एकमेकांचे पाठ वर्गात बसून पाहावेत आणि त्यांतील उणिवा मोकळ्या मनाने बोलून दाखवाव्यात, ही रीत त्यांच्या शाळेत रुजली होती. त्या रीतीने त्यांची संस्था वैभवाला चढली. आणि ज्या दिवशी त्या रीतीतील मोकळेपणा नाहीसा झाला, त्या दिवसापासून संस्थेला उतरती कळा लागली. हे दोन्ही धडे आपल्या उपयोगाचे आहेत.

पूर्वायुष्य

पेस्टालॉझी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक शहरी १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. त्या वेळी आपल्याकडे साताऱ्यास शाहू छत्रपती आणि पुण्यास नानासाहेब पेशवे होते, असे सांगितले म्हणजे काळाची कल्पना यावी. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. हाइनरिश पाच वर्षांचे असतानाच ते निवर्तले आणि मुलांचा भार माउलीवर पडला. बाबेली नावाची एक दासी या घरात होती. मरणोन्मुख धन्याला दिलेल्या शब्दाला जागून तिने आपले सारे आयुष्य या कुटुंबाच्या सेवेत घालविले. आई व बाबेली यांच्या मायेत वाढलेल्या या मुलाच्या मनावर घर हीच पहिली शाळा होय, हा संस्कार कायमचा ठसला. त्यांचे आजोबा खेड्यात धर्मोपदेशक होते. सुटीत त्यांच्याकडे गेले असता खेड्यातील दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले.

तरुणपणी रूसो यांच्या ग्रंथांनी ते भारावून गेले. शहरी विद्येपेक्षा शेती बरी, असे ठरवून त्यांनी जमीन घेतली आणि १७६९ साली आना शुल्थेस या कुलीन युवतीशी विवाह केला. ही बाई त्यांच्याहून आठ वर्षांनी वडील होती. पतीच्या फसलेल्या बेतांत तिने आपले स्त्रीधन घातले, ही गोष्ट आमच्या भगिनींनी अवश्य ध्यानात घ्यावी. बिर गावाजवळ नॉयहोफ नावाने वसविलेली ती शेती बुडाली. मग १७७४ साली तेथेच त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी सूतकताई, शेतकाम आणि शिक्षण यांचा मेळ घालणारी शाळा काढली. तीही १७८० साली बंद पडली. पुढील अठरा वर्षे त्यांनी हलाखीत काढली. या काळात लिहिलेल्या ‘लीनहार्ट आणि गेर्ट्रूड’ या १७८१ सालच्या कथेने त्यांना कीर्ती मिळाली, पण शाळा मिळाली नाही. शेजारीपाजारी त्यांना व्यवहारशून्य समजत आणि तसे समजण्यास जागाही होती.

स्टान्स येथील अनाथ बालके

सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्टान्स गावात कत्तल केली. घरे जळाली, मुले उघडी पडली. सरकारने अनाथगृह उघडून ते पेस्टालॉझी यांच्या स्वाधीन केले. १७९९ च्या जानेवारीत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हा मनुष्य एका कॉन्व्हेंटच्या इमारतीत सुमारे ऐंशी मुलांना घेऊन राहू लागला. घरकाम पाहणारी एक स्त्री सोडली तर त्यांना मदतनीस असा कोणी नव्हता. मुलांना खरूज झालेली, अंगावर चिंध्या, मनात भीती. त्यांच्याबरोबर जेवावे, त्यांच्याबरोबर निजावे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी आणि यातूनच शिक्षण उभे करावे, असा त्यांचा दिनक्रम होता. जूनमध्ये लष्कराने त्या इमारतीत रुग्णालय आणले आणि अनाथगृह बंद झाले. पेस्टालॉझी यांची प्रकृती तोवर पार ढासळली होती.

स्टान्स येथे त्यांना मुलांचे मन उलगडले. पण एकट्या माणसाची मर्यादाही तेथेच दिसून आली. कितीही त्याग केला तरी एकट्याने केलेले काम त्याच्याबरोबरच थांबते. पुढच्या टप्प्यावर त्यांना सहकारी लाभले आणि खऱ्या अर्थाने त्यांचे कार्य सुरू झाले.

बुर्गडॉर्फचा किल्ला

त्याच वर्षी ते बुर्गडॉर्फ गावी गेले. तेथील गरिबांची शाळा एक चांभारकाम करणारा गृहस्थ चालवीत असे. त्याच्या वर्गाच्या एका भागात पेस्टालॉझी यांना शिकविण्याची परवानगी मिळाली. परंतु हातात पुस्तक नाही, तोंडात प्रश्नोत्तरांचा ठराविक पाठ नाही, असा हा वृद्ध गुरुजी पाहून पालक बिथरले आणि त्यांना तेथून निघावे लागले. मग लहान मुलांच्या दुसऱ्या शाळेत त्यांना जागा मिळाली. वर्गाच्या भिंतीवर जुना, फाटका कागद चिकटविलेला होता. तो मुलांना दाखवून त्यावरील आकृत्या, भोके, त्यांचे आकार, संख्या आणि जागा यांचे वर्णन ते करवून घेत. त्या वर्गात बसलेल्या राम्सौअर नावाच्या विद्यार्थ्याने पुढे आपल्या आठवणींत हे नमूद करून ठेवले आहे. त्याच विद्यार्थ्याच्या साक्षीवरून हेही कळते की, पेस्टालॉझी यांना वर्गात शिस्त राखता येत नसे आणि वेळेचे भान राहत नसे. त्यांचे अक्षरही वाईट होते. ज्या पुरुषाला जग शिक्षकांचा मुकुटमणी मानते, तो पाठ घेण्यात मात्र कच्चा होता, हे वाचून आपणांस नवल वाटेल. आम्हांस मात्र यातच त्यांच्या मोठेपणाचे मर्म दिसते. आपल्या पाठात उणीव आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाठ पाहण्याची गरज त्यांना आधी कळली.

१८०० साली हेर्मान क्रूझी हा तरुण शिक्षक त्यांना मिळाला. हा आपेन्त्सेल भागातून युद्धकाळात निराधार झालेल्या मुलांना घेऊन बुर्गडॉर्फला आला होता. अवघ्या अठराव्या वर्षी, स्वतःचे शिक्षण अपुरे असताना, तो शिक्षक झालेला होता. पाठोपाठ टोब्लर आणि पुस्तकबांधणीचा धंदा केलेला, चित्रकला व संगीत जाणणारा बुस हे दोघे आले. अशा चार अपुऱ्या माणसांनी मिळून बुर्गडॉर्फच्या किल्ल्यात एक पूर्ण शाळा उभी केली. बुसने आकार व रेखाटन यांचे पाठ बसविले, क्रूझीने भाषा हाती घेतली. एकाने पाठ रचावा, दुसऱ्याने तो वर्गात घेऊन पाहावा, सर्वांनी मिळून तो दुरुस्त करावा आणि मग तो छापावा, अशा क्रमाने १८०३ सालची त्यांची प्राथमिक पाठ्यपुस्तके तयार झाली. नाव एकाचे असले तरी कष्ट सर्वांचे होते.

या काळातील एक प्रसंग सांगितला जातो. भाषेच्या पाठांसाठी वस्तूंची चित्रे तयार करविली होती. शिडीचे चित्र पुढे धरून शिक्षक तिच्या भागांची नावे वदवून घेत असता एका चुणचुणीत मुलाने विचारले की, अंगणात खरी शिडी असताना तिच्याजवळ जाऊन का बोलू नये? शिक्षकाने ते तेवढ्यावर नेले. पुढे खिडकीचे चित्र आले, तेव्हाही मुलाने समोरच्या खऱ्या खिडकीकडे बोट दाखविले. ही गोष्ट पेस्टालॉझी यांच्या कानावर गेली. त्यांनी मुलाचे म्हणणे बरोबर ठरविले, चित्रे बाजूस ठेवली आणि पाठाची रीत बदलली. इतके श्रम व द्रव्य घालून तयार केलेले साहित्य एका पोराच्या बोलण्याने मोडीत काढणे सोपे नसते. वर्गात काय घडले हे शिक्षकाने न लपविता सांगितले, मुख्याध्यापकाने ते मान न दुखावता ऐकले आणि दोष मुलाच्या माथी न मारता पाठाच्या माथी मारला, या तीन गोष्टींत पाठनिरीक्षणाचे सारे शास्त्र साठविलेले आहे, असे आमचे मत आहे.

इव्हेर्दां येथील वीस वर्षे

राजकीय उलथापालथीमुळे १८०४ साली बुर्गडॉर्फचा किल्ला सोडावा लागला. काही काळाने नूशातेल सरोवराच्या काठावरील इव्हेर्दां गावच्या किल्ल्यात ही संस्था स्थिरावली आणि १८२५ पर्यंत तेथे नांदली. ऐन भरात दीडशेहून अधिक विद्यार्थी तेथे राहत. जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा कानांवर पडत. पहाटेपासून पाठ सुरू होत. भूगोलाच्या पाठासाठी मुले दरीत जात, तेथील माती आणून टेबलावर दरीची प्रतिकृती करीत आणि मगच त्यांना नकाशा दाखविला जाई.

शिक्षकांचा दिनक्रम मुलांच्याहून कमी कष्टाचा नव्हता. प्रत्येकाकडे काही मुलांची खास जबाबदारी असे. आठवड्यातील ठराविक संध्याकाळी सर्व शिक्षक पेस्टालॉझी यांच्याभोवती जमत. कोणते मूल कोठे अडले, कोणता पाठ साधला, कोणता फसला, याची चर्चा होई. ज्याला एखादा विषय येत नसे, तो सहकाऱ्याच्या वर्गात मुलांच्या शेजारी बसून तो शिके. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल हे १८०८ ते १८१० या काळात तेथे राहिले. त्यांची स्थिती एकाच वेळी शिक्षकाची आणि शिष्याची होती. प्रशिया सरकारने १८०९ च्या सुमारास निवडक तरुण तेथे धाडले. त्यांनी वर्गावर्गांतून पाठ पाहिले, स्वतः पाठ दिले आणि परत जाऊन आपल्या देशातील अध्यापक विद्यालये उभारली. आपल्या अध्यापक विद्यालयांतून ज्यांची पंचपदी शिकविली जाते ते हर्बार्ट यांनीही तरुणपणी बुर्गडॉर्फला भेट दिली होती. रॉबर्ट ओवेन हे १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या साली, इव्हेर्दांला येऊन गेले.

मात्र येथेच एक दोषही शिरला व तो झाकून ठेवणे बरे नव्हे. संस्थेची कीर्ती वाढली तसे राजेरजवाडे आणि सरदार पाहुणे म्हणून येऊ लागले. कोणी मोठा मनुष्य आला की पेस्टालॉझी धावत जाऊन हुशार शिक्षकाला व चमकदार मुलांना पुढे करीत आणि चालू पाठ मोडून पाहुण्यांपुढे कसब दाखविले जाई. राम्सौअरने याबद्दल स्पष्ट नाराजी नोंदविली आहे. पाठ पाहणे दोन तऱ्हेचे असते. एक पाहणे दाखविण्यासाठी आणि दुसरे सुधारण्यासाठी. शाळेत साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी फळे सारवून, पाठ केलेली उत्तरे मुलांकडून वदवून घेण्याचा प्रकार आपल्याकडील वडीलधाऱ्यांना अपरिचित नाही. त्या पाहण्याने मुलांचे कल्याण होत नाही. सहकारी मागच्या बाकावर बसून शिक्षकाकडे नव्हे, तर मुलांच्या वह्यांकडे व चेहऱ्यांकडे पाहतो, तेव्हाच पाठ सुधारतो.

कलहाचे विष

१८०९ साली सरकारी समितीने संस्थेची पाहणी केली. तिच्यावर फादर झिरार हे स्वतः नामांकित शिक्षक होते. १८१० च्या अहवालात त्यांनी शिक्षकांच्या निष्ठेची प्रशंसा केली, पण ही संस्था सार्वजनिक शाळांना नमुना म्हणून चालणार नाही, असा निर्णय दिला. बाहेरचे हे पाठनिरीक्षणच होते. ते शांतपणे ऐकून दोष दूर करण्याऐवजी संस्थेतील मंडळी प्रत्युत्तरांच्या वादात गुंतली.

याहून मोठे दुर्दैव घरातील होते. नीडरर हे विद्वान धर्मोपदेशक होते व पेस्टालॉझींच्या विचारांना ते तत्त्वज्ञानाचे रूप देत. श्मिड हा गरीब विद्यार्थी म्हणून आलेला फोरार्लबेर्गमधील मुलगा गणितात विलक्षण निपुण निघाला व व्यवहारातही कर्तबगार होता. एकाजवळ शास्त्र, दुसऱ्याजवळ कसब. दोघे मिळून संस्था अजिंक्य ठरती. परंतु त्यांचे पटेना. १८१० साली श्मिड गेला, १८१५ साली त्याला परत बोलवावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आना पेस्टालॉझी वारल्या आणि तंटे मिटविणारा शेवटचा प्रेमळ शब्दही गेला. १८१६ साली जुना सोबती क्रूझी निघून गेला, १८१७ साली नीडररही गेले. पुढे प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. ज्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांचे पाठ तपासले, त्यांना एकमेकांचा स्वभाव सोसवला नाही. पाठावरील टीका जोवर पाठापुरती राहिली तोवर ती अमृत होती. ती माणसावर घसरली आणि विष झाली. संस्थांच्या कारभारात ज्यांचे केस पिकले आहेत त्या आमच्या ज्ञातिबांधवांना या ओळीचा अर्थ विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही.

१८२५ साली संस्था बंद झाली. ऐंशीच्या घरातील हे वृद्ध गुरुजी ज्या नॉयहोफहून निघाले होते तेथेच परतले. विरोधकांच्या एका कठोर पुस्तकाने त्यांना अखेरच्या दिवसांत फार क्लेश दिले. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग गावी त्यांचा अंत झाला. बिर येथील शाळेच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. १८४६ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथील शाळेच्या भिंतीवर त्यांचे स्मारक उभारले गेले. शिक्षकाला याहून योग्य समाधिस्थान कोणते असणार!

परंपरेचा प्रवास

किल्ला रिकामा झाला, परंतु रीत मेली नाही. क्रूझी यांचा मुलगा, त्याचेही नाव हेर्मान, हा इव्हेर्दां येथेच १८१७ साली जन्मला. तो इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेला. न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो गावी एडवर्ड शेल्डन यांनी १८६१ साली शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. दुसऱ्या वर्षी हा धाकटा क्रूझी तेथे आला आणि सुमारे पंचवीस वर्षे शिकवीत राहिला. उमेदवार शिक्षकाने सर्वांसमक्ष पाठ द्यावा व मागाहून सहाध्यायी आणि अध्यापक यांनी त्याचे गुणदोष सांगावेत, हा तेथील शिक्षणाचा नित्याचा भाग होता.

१८७५ साली जपान सरकारने ताकामिने हिदेओ या तरुणाला ऑस्वेगोला पाठविले. क्रूझी यांच्या सहवासात शिकून तो १८७८ साली मायदेशी परतला व तोक्यो येथील अध्यापक विद्यालयात नव्या पद्धतीचा पुरस्कर्ता झाला. पाठ पाहण्याची व त्यावर चर्चा करण्याची जपानी प्रथा अनेक झऱ्यांनी मिळून बनली आहे. त्यांपैकी एक झरा इव्हेर्दांच्या किल्ल्यातून निघालेला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. जपानी भाषेत या प्रथेला ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, असे नाव आहे. शाळेतील काही शिक्षक मिळून एक अवघड घटक निवडतात. मुले कोठे अडखळतील, काय उत्तरे देतील, याचा आगाऊ विचार करून ते पाठाचे टाचण एकत्र तयार करतात. मग त्यांच्यातील एक जण वर्ग घेतो व बाकीचे मुलांचे निरीक्षण करून टिपणे ठेवतात. शेवटी सर्व जण बसून चर्चा करतात आणि पाठ सुधारून पुन्हा दुसऱ्या वर्गात देतात. पाठ सर्वांनी मिळून रचलेला असल्याने तो फसला तरी एकाची मान खाली जात नाही, हीच या योजनेची खुबी आहे. १९९९ साली स्टिगलर आणि हीबर्ट या अमेरिकन अभ्यासकांच्या ग्रंथाने या प्रथेकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले आणि त्यानंतर अनेक देशांनी तिचा स्वीकार केला.

आपल्यापुरता बोध

आपल्याकडे या गोष्टीची बीजे नाहीत असे नाही. अध्यापक विद्यालयात प्रत्येक जण टाचण काढतो, सरावपाठ देतो, निरीक्षणवही भरतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतून केंद्रवार शिक्षण परिषदा भरतात. परंतु पदवी हाती पडली व नोकरी कायम झाली की वर्गाचे दार लोटले जाते आणि तीस-तीस वर्षे त्या दाराआड सहकारी डोकावत नाही. वैद्य वैद्याचा सल्ला घेतो, गवई गवयापुढे गातो. शिक्षकानेच का एकटे राहावे?

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती एवढीच की, या वर्षी आपल्या शाळेतील एका विश्वासू सहकाऱ्याबरोबर एक पाठ रचावा, त्याला मागच्या बाकावर बसवावे आणि पाठ संपल्यावर आधी मुलांविषयी बोलावे, मग स्वतःविषयी. जे टीका करतील त्यांनी दोष पाठाचा काढावा, माणसाचा काढू नये. या कामाला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही, ठरावही लागत नाही. पेस्टालॉझी यांच्याजवळ यांपैकी काहीच फार काळ टिकले नाही. टिकली ती एकमेकांकडून शिकण्याची रीत. ती आपल्या घराघरांतील शिक्षकांच्या हातून पुढे चालावी, हीच त्या महापुरुषाच्या स्मृतीस आमची आदरांजली होय.